एक दशांश

ग्युमरीच्या व्यायामशाळेत गाद्या उचलणं हे माझं काम.
सकाळी पसरायच्या, रात्री रचायच्या,
मधे कुणी पडलंच, तर सरकवायच्या.
पगार बेताचा. हीटर एकच,
तोही प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे तोंड करून बसलेला.

नोरायर पहिल्यांदा आला तेव्हा सात वर्षांचा,
पायात थोरल्या बहिणीचे बूट.
रिंगांना हात पोचेना, म्हणून मीच कमरेला धरून
वर दिला त्याला.
लटकला. खाली ये म्हटलं, येईना.
मकर्तिच म्हणाला, राहू दे, हात भरून आले की येईल.
आम्ही चहा प्यायलो. पेले धुतले.
पोरगं तिथंच.

पुढचं गावाला ठाऊक आहे :
पदकं, विमानतळावरची फुलं,
नगरपालिकेनं दिलेलं घड्याळ, जे आठवड्यात बंद पडलं.
मला ठाऊक आहे ते एवढंच, की
तळहाताची फाटलेली कातडी
तो नखं कापायच्या कात्रीनं कापून टाकी
आणि खडूच्या भुकटीत हात घाली
कणीक मळायला बसल्यासारखा, सावकाश.

मग तो मंगळवार.
व्हॉल्ट. रोजची धाव, रोजची उडी.
आवाज कोरडा आला,
कडाक्याच्या थंडीत जर्दाळूची फांदी मोडते तसा.
गुडघा गुडघ्यानं वळू नये तिकडे वळलेला.
गादी मीच पसरली होती.
रात्री एकट्यानं दोन गाद्यांमधली फट
बोटानं चाचपली.
फट नव्हती.
दुसऱ्या दिवशी परत चाचपली.

या शहरात जमीन एकदा हललेली आहे.
त्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा,
लघवीचं निमित्त काढून वर्गाबाहेर आलो होतो.
खरं तर लागली नव्हती.
वर्ग राहिला नाही.
तेव्हापासून मी पाऊल टाकतो ते जमिनीला विचारून.
आणि भाकरी कशाची खातो, तर
पोरांना हे सांगण्याची, की
बिनधास्त उतर रे, खाली मी आहे.

सतरा महिने.
येरेवानला तीनदा गुडघा उघडला, तीनदा शिवला.
झारुही दर शुक्रवारी बसनं डबा घेऊन जायची,
आणि शनिवारी तो तसाच भरलेला परत आणायची.
मार्चमध्ये तो कुबड्या घेऊन आला.
रस्त्यावर अजून बर्फ होतं, काळवंडलेलं.
कुणाशी न बोलता रिंगांखाली उभा राहिला.
उडी मारायला पाय नव्हता.
माझ्याकडे बघितलं.
बासष्ट किलो!
मी कमरेला धरून वर दिला.
माझ्या पाठीत तेव्हा भरलेली चमक अजून निघालेली नाही.
या वेळी खाली ये असं कुणी म्हणालं नाही.

क्रोएशियातली ती स्पर्धा आम्ही शाळेतच बघितली,
झारुहीच्या फोनवर, अकरा जण.
दोन्ही हात आडवे, देह मधोमध
ओल्या कपड्यासारखा नाही, दगडासारखा टांगलेला.
मकर्तिच मोजत होता, ओठ न हलवता.
मग झोका, दोन कोलांट्या, आणि उतरला.
उजवं पाऊल सरकलं.
एक. छोटंसं. बाजूला.
पोरं हळहळली. एक दशांश गेला, निवेदक म्हणाला.
सातवा आला.

मी फोन मागून घेतला, तेवढंच परत लावलं.
पुन्हा लावलं.
पंच त्याला चूक म्हणोत, त्यांचं ते काम आहे.
मला ते पाऊल ओळखीचं वाटलं.

सोमवारी आला, बॅग टाकली,
म्हणाला, गादी वीतभर पुढे ओढ.
ओढली. सवयीनं फट चाचपली.
चाचपताना त्यानं बघितलं.
बोलला काही नाही. जाता जाता
खडूनं माखलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवला.
घरी आरशात बघतो तर पांढरं निघेना.
किती धुतलं.
मग लक्षात आलं, त्यातलं बरंचसं माझंच आहे.